अभ्यासिकेच्या मागच्या जिन्याकडे एक्झिट बोर्ड आणि इमर्जन्सी लाइट कसे लावावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
जळगावात एका व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या हॉलमध्ये माझी अभ्यासिका आहे. चोपडा, यावल, पारोळ्याकडची मुलं रात्री अकरापर्यंत बसतात. पुढचा जिना सगळ्यांच्या पायाखालचा. मागेही एक जिना आहे, पण तिकडे जाणारा बोळ लांब, मध्येच काटकोनात वळणारा आणि बिनखिडकीचा. परवा रात्री लाईट गेली. हॉल इन्व्हर्टरवर चालू राहिला, बोळात मात्र डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. मुलं मोबाईलचे टॉर्च लावून पुढच्याच जिन्याला गर्दी करून उतरली, मागे एकही वळलं नाही.

२०१९ साली सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये क्लासची २२ मुलं आगीत गेली. आपल्या खान्देशातल्या घरटी कोणी ना कोणी सुरतेला असतं, त्यामुळे ती बातमी इथे परक्या गावाची राहिली नाही. मला माझ्या मुलांच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही.

मालकाने मागच्या दारावर रेडियमचं स्टिकर लावून दिलंय. तेवढं पुरेल का? इन्व्हर्टरची लाइन बोळात ओढली तर चालेल का? आणि मालकाला पटवायचं कसं?

प्रतिसाद (भुसावळ, फायरची कामं घेतो)
दादा, नुसतं रेडियम चालणार नाही. ते समोरून उजेड पडला तरच चमकतं, अंधारात शून्य. अंधारात स्वतः उजळणारे फोटोल्युमिनिसंट बोर्ड वेगळे. तेही आधी उजेड पिऊन घेतात, म्हणून दिवसभर दिवा बंद असलेल्या तुमच्या बोळात फिकेच पडतील. त्यापेक्षा आत स्वतःची बॅटरी असलेले हिरवे एलईडी बोर्ड घ्या. एक दारावर आणि एक वळणावर, बाण दाखवणारा. वळणावरचा विसरू नका, घाबरलेलं मूल तिथेच चुकतं. धूर आधी छताला साचतो आणि वरचे बोर्ड झाकतो, म्हणून बोळाच्या भिंतीला खाली पायाशी दिशादर्शक पट्टीही मारा.

इन्व्हर्टरवर विसंबू नका. आगीत वायरच जळाली तर लांबचा इन्व्हर्टर काय करणार? बोळात आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर स्वतःच्या बॅटरीचे इमर्जन्सी दिवे हवेत. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ते किमान दीड तास चालले पाहिजेत. महिन्यातून एकदा मेन बंद करून बघत जा. बॅटरी मेलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो.

मालकाला २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम दाखवा. ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं मालक आणि भोगवटादार दोघांचीही जबाबदारी आहे, म्हणजे तुमचीही. परवानाधारक एजन्सीचा देखभालीचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत लागतो. गेल्या जुलैचा मागून बघा, पुढचं बोलणं आपोआप सुरू होईल.

धागाकर्ता
मनापासून आभार भाऊ. आज लगेच दाखला मागतो. एकच राहिलं: चोरीच्या भीतीने वॉचमन रात्री नऊला मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावतो.

प्रतिसाद
मग आधी ते कुलूप काढा, बोर्ड नंतर. दाराला आतून पॅनिक बार बसवा. आतून आडव्या दांडीवर भार पडला की दार उघडतं, बाहेरून मात्र बंदच राहतं. दार जिन्याच्या बाजूला उघडतंय ना, तेही बघा.