मदत हवी आहे: एसीएलचा (गुडघ्यातल्या पुढच्या क्रूसिएट लिगामेंटचा) फीमरवरचा (मांडीच्या हाडावरचा) फूटप्रिंट, म्हणजे चिकटण्याची जागा, नीट कसा बघता?

नमस्कार सर, मॅडम. एसीएल रिकन्स्ट्रक्शनमध्ये (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवं बसवताना) फीमरच्या टनेलची (नवं लिगामेंट बसवायच्या भोकाची) जागा ठरवताना स्कोप (सांध्यात घालायची दुर्बीण) कुठून ठेवावा, यावर अनुभवी मंडळींचं मत हवंय.

आमच्या युनिटमध्ये ३० अंशांचा (तितकं तिरकं बघणारा) स्कोप अँटेरोलॅटरल पोर्टलमधून (पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या छिद्रातून) घालायची पद्धत आहे. त्यातून लॅटरल कॉन्डाइलची (फीमरच्या टोकाच्या बाहेरच्या गोलाव्याची) आतली भिंत तिरकी, आखूड दिसते आणि पार मागचा भाग लपतोच. रेसिडेंट्स रिज (फूटप्रिंटच्या पुढचा हाडाचा उंचवटा) हीच मागची कड वाटली, की टनेल फार पुढे पडतो. स्कोप अँटेरोमेडियलमधून (पुढच्या-आतल्या बाजूने) घातला तर तीच भिंत समोरासमोर येते. पण मग ड्रिलसाठी तिसरं, आणखी मेडियल पोर्टल लागतं, आणि तिथून रीमर (भोक पाडायचं फिरतं हत्यार) नेताना मेडियल कॉन्डाइलची कूर्चा खरवडायची धास्ती!

खरी पंचाईत गुडघा १२० अंशांपर्यंत वाकवल्यावर होते. फॅट पॅड (गुडघ्यातली पुढची चरबी) नेमका स्कोपसमोर येऊन बसतो, पाण्याचा प्रवाह मंदावतो, चित्र गढूळ होतं. तुम्ही शेव्हरने (फिरत्या पात्याने) फॅट पॅड किती काढता? जास्त काढला तर रक्त सुटतं, मग दिसत होतं तेही दिसेनासं होतं. आमच्याकडे पंप नाही, सलाइन उंच टांगूनच काम चालतं.

७० अंशांचा स्कोप अँटेरोलॅटरलमधूनच वापरून कोणाचं भागतं का? तसं असेल तर तिसरं पोर्टल टाळता येईल. टूर्निकेट (मांडीवरचा रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) न फुगवता करणाऱ्यांनी रक्तस्राव कमी करायला सलाइनमध्ये अ‍ॅड्रिनलिन घालण्याबद्दलचा अनुभवही कृपया सांगावा.