हैदराबाद, पुणे की नागपूरच? एम. टेक., नोकरी आणि संसार यांचा मेळ कसा बसवावा?

नमस्कार. मी तीस वर्षांची स्थापत्य अभियंता असून गेली सात वर्षे नागपुरातच एका खासगी कंपनीत जीआयएसचे, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती तयार करण्याचे, काम करते आहे. एम. टेक. साठी शहर सोडायचे का आणि सोडायचे तर कुठे जायचे, हे आम्हाला मार्चमध्ये प्रवेश-अर्ज सुरू होण्याआधी ठरवायचे आहे. घरात यावर पुष्कळ बोलून झाले आहे. आता त्या त्या शहरात प्रत्यक्ष राहिलेल्या, शक्य झाल्यास याच क्षेत्रात काम केलेल्या माणसांचे अनुभव ऐकावेत असे वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझे रोजचे काम म्हणजे उपग्रहाने किंवा ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून घरे, रस्ते आणि नाले यांच्या कडा गिरवून नकाशाचे थर तयार करणे आणि इतरांनी केलेले असेच काम तपासणे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भू-माहिती यांच्यावरचे निर्बंध बरेच शिथिल केले, त्यानंतर आमच्याकडे कामांचा ओघ वाढला. पण त्याच काळात कडा गिरवण्याचे काम संगणक आपोआप करू लागला आणि आज एका माणसाच्या आठवड्याच्या कामातला मोठा भाग काही तासांत उरकतो. जे उरते ते विश्लेषणाचे काम, आणि ते ज्यांच्याकडे पदव्युत्तर शिक्षण आहे त्यांनाच दिले जाते. दोन वेळा मी ते मागितले आणि दोन्ही वेळा मला हेच उत्तर मिळाले.

तरीही केवळ पगारासाठी मी एम. टेक. चा विचार करते आहे असे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले, हे नागपूरकरांना सांगायला नको. माझी मावशी त्याच भागात तळमजल्यावर राहते. अंधारात गुडघाभर पाण्यातून तिला वरच्या मजल्यावर नेताना जे डोळ्यांनी पाहिले ते अजून विसरता येत नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी कार्यालयातून आल्यावर त्या परिसराचे उंच-सखल भाग आणि बुजत गेलेले नाले नकाशावर लावून पाहत होते. पाणी कुठून येईल हे साधारण कळत होते, पण किती वेळात आणि किती उंचीपर्यंत येईल हे काढण्याइतके जलविज्ञान मला येत नव्हते. मला शिकायचे आहे ते हेच, शहरी पुराचे प्रतिमानीकरण (मॉडेलिंग).

गेल्या फेब्रुवारीत मी स्थापत्य शाखेतून गेट, म्हणजे एम. टेक. प्रवेशासाठीची परीक्षा, दिली. गुण बऱ्यापैकी आहेत आणि ते तीन वर्षे ग्राह्य धरले जातात, त्यामुळे परीक्षेची काळजी सध्या नाही. काळजी आहे ती घराची. माझे पती इथल्याच मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत आणि त्यांना पुणे किंवा हैदराबाद येथे बदली मिळू शकते. मुलगी साडेचार वर्षांची आहे. आई एकटी असते, आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. दुपारी शाळेतून आलेली मुलगी तिच्याकडेच जेवते आणि झोपते.

पहिला पर्याय मुंबईच्या आयआयटीचा. पवईला संसाधन अभियांत्रिकीचे स्वतंत्र केंद्र आहे आणि भू-माहितीशास्त्राचा एम. टेक. तिथे होतो. प्रवेश मिळाला तर मी वसतिगृहात आणि पती, मुलगी पुण्याला कोथरूडमध्ये, नणंदेच्या घराजवळ, असा विचार आहे. शिक्षण संपल्यावर पुण्यात माझ्या विषयाच्या जागाही आहेत: खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र, पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था, संगणन संशोधनाची सी-डॅक. मुलीचे शिक्षण मराठीच्या सहवासात होईल, हाही मोठा दिलासा. पण दोन वर्षे तिला आठवड्यातून एकदा भेटायचे, आणि महिना १२,४०० रुपयांच्या विद्यावेतनात माझा खर्च भागवून पुण्यातले घरभाडे पतींच्या एकट्याच्या पगारातून काढायचे, हे गणित कागदावर जमते. मनाला मात्र अजून पटलेले नाही.

दुसरा पर्याय हैदराबाद, आणि खरे सांगायचे तर माझा कल तिकडे आहे. इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन (उपग्रहांवरून पाहणीचे) केंद्र तिथे आहे, भारतीय सर्वेक्षण विभागाची प्रशिक्षण संस्था उप्पलला आहे, गच्चीबावलीच्या आयआयआयटीमध्ये अवकाशीय माहितीशास्त्राची प्रयोगशाळा आहे, आणि खासगी कंपन्यांपैकी ॲपलने २०१६ मध्येच नकाशांच्या कामासाठी तिथे केंद्र उघडले. एकाच शहरात या विषयाच्या इतक्या जागा मला दुसरीकडे दिसत नाहीत. आम्ही तिघेही एका घरात राहू शकू. शिवाय अंतराचा विचार केला तर पुण्यापेक्षा हैदराबादच आम्हाला जवळ आहे. रस्त्याने ते सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि वंदे भारतने सव्वासात तासांत सिकंदराबाद गाठता येते; अजनीहून पुण्याला जाणाऱ्या वंदे भारतला मात्र जवळजवळ बारा तास लागतात. रात्री आईचा फोन आला तर सकाळपर्यंत पोहोचता आले पाहिजे, ही माझी अट आहे. आपल्याच राज्यातले शहर परराज्याच्या राजधानीपेक्षा लांब पडते, ही गोष्ट विदर्भाबाहेरच्या नातेवाइकांना समजावून सांगावी लागते.

तिथली अडचण भाषेची आहे. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांत तेलुगू सक्तीची आहे, मग मंडळ कोणतेही असो. मूल लहान असल्यामुळे ती भाषा सहज उचलेल असे सगळे सांगतात आणि मलाही ते पटते. पण पाच-सहा वर्षांनी नागपूरला परत यायचे ठरले तर तिचे मराठी लिहिणे-वाचणे कुठे असेल, याची चिंता वाटते.

तिसरा पर्याय कुठेही न जाण्याचा. तोही मी खरोखर मोजते आहे. इथल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत जलसंपदा अभियांत्रिकीचा एम. टेक. आहे, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र त्याच आवारात आहे, पर्यावरण संशोधनाची नीरी आणि इस्रोचे प्रादेशिक केंद्रही याच शहरात आहेत. स्वतःचे घर, वीस मिनिटांत कार्यालय, मुलीला आजी, संध्याकाळी फुटाळा तलावाची चक्कर, असे आयुष्य दुसरीकडे विकत मिळत नाही. मे महिन्यातले पंचेचाळीस अंश सोसण्याची सवय आहेच. पण पदवीनंतर या विषयातली नोकरी मिळवायची तर इथे प्रामुख्याने सरकारी संस्थांतली कंत्राटी पदेच दिसतात, आणि ती प्रकल्पासोबत संपतात. माझ्या दोन मैत्रिणींनी अशी तीन-तीन पदे बदलली आहेत.

पवईला लहान मूल घरी ठेवून एम. टेक. केलेल्या कोणी ताई असतील, तर पहिले सत्र कसे गेले हे मोकळेपणाने सांगावे. संशोधन साहाय्यक म्हणून तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सोयही तिथे आहे असे वाचले. मूल असलेल्या विद्यार्थिनीला ती अधिक सोयीची ठरते, की केवळ एक वर्ष लांबते? हैदराबादच्या सुदूर संवेदन केंद्रात प्रकल्पावर काम केलेल्यांनी तिथून पुढे कायम नोकरीकडे जाता आले का, की खासगी कंपनीकडेच वळावे लागले, हे सांगितले तर माझा निम्मा प्रश्न सुटेल. व्हीएनआयटीतून जलसंपदा शाखा केलेल्यांपैकी कोणी पूर-प्रतिमानाच्या कामात आहे का, आणि ते काम नागपुरात राहून मिळाले का, हेही कळावे.

आईचाही विचार करायचा आहे. तिला सोबत चला म्हटले की ती उन्हाळ्यापुरती येईन म्हणते आणि विषय बदलते. वयस्क आईवडिलांना नागपुरात ठेवून हैदराबादला गेलेल्यांनी दर महिन्याला येणे प्रत्यक्षात किती वर्षे टिकवले, हे मला सगळ्यांत आधी ऐकायचे आहे.