मांस सोडलं, तर मांसाची नक्कल का खायची?

उंबरठा

मांस सोडून मला १७ महिने झाले. धागा काढायला निमित्त एका जवळच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं. ती म्हणाली, "सोडलंयस ना? मग मांसासारखं दिसणारं, मांसासारखं लागणारं कशाला खातेस? म्हणजे मनातून सुटलेलंच नाही." ती चिडवत नव्हती, तिला खरंच पटत नव्हतं. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

याआधी मी दोनदा सोडलं होतं आणि दोन्ही वेळा मोडलं. कुठल्या मेजवानीत नाही, आठवड्याच्या मधल्याच एका वारी, रात्री साडेआठला, कामावरून दमून आल्यावर. अशा वेळी डोकं चालत नाही, हातांना जी सवय असते तेच होतं. माझ्या हातांना एकच ठाऊक होतं: कांदा परतायचा, त्यात दाताखाली येईल असं काहीतरी टाकायचं, मसाला, वर झाकण. तिसऱ्या वेळी त्या 'काहीतरी'च्या जागी मी सोयाचे तुकडे टाकले. बाकी सगळं तेच राहिलं. या वेळी टिकलं ते त्यामुळे, माझा निश्चय आधीपेक्षा मोठा होता म्हणून नाही.

पहिल्यांदा केले तेव्हा मात्र घास घशाखाली उतरेना. ओला स्पंज, आणि वर कच्चट वास. मग एकीने शिकवलं. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, गार पाण्यात काढायचे आणि दोन्ही तळव्यांत धरून पिळायचे. पहिलं पाणी पिवळट, फेसाळ निघतं. तो वास त्या पाण्याचा असतो. तिसऱ्या पिळण्याला पाणी जवळजवळ स्वच्छ येतं आणि तुकडा हातात हलका लागतो. मसाला आत शिरतो तो त्यानंतरच. टोफूचंही तसंच. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की आतल्या पाण्याचा बर्फ होऊन जाळी पडते. सकाळी वितळवून दाबून पाणी काढलं की तो भुसभुशीत न राहता चिवट होतो.

माझं म्हणणं एवढंच: मांसाची चव मला आवडायची, आजही आवडते. नको आहे ते त्यासाठी जनावर मारणं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चीनमधल्या बौद्ध मठांत गव्हाची कणीक पाण्यात धुऊन उरलेल्या चिवट गोळ्यापासून मांसासारखे पदार्थ करण्याची रीत शेकडो वर्षांची आहे. व्रत घेतलेल्या माणसांना त्यात कमीपणा वाटला नाही, मग मला का वाटावा?

---

कोरडवाहू

उंबरठाताई, प्रामाणिक लिहिलंय, तरी असहमत.

मीही मांस सोडलंय, १२ वर्षं झाली. माझा आक्षेप चवीला नाही, मापाला आहे. नक्कल ताटात आली की ताटाचं माप मांसच राहतं. प्रत्येक घासाला "तसं लागतंय का?" हा प्रश्न, आणि उत्तर नेहमी "जवळपास". ज्या पदार्थाच्या नशिबी कायम 'जवळपास'च आहे, त्यावर माणूस आयुष्य कसं काढणार? मसूर, चवळी, हरभरा यांना त्यांच्या नावाने खा. त्यांच्याशी कुणी तुलना करत नाही, म्हणून ते कमी पडत नाहीत.

दुसरं, पाकिटाची मागची बाजू वाचा. वेगळं काढलेलं वाटाण्याचं प्रथिन, नारळाचं तेल, घट्टपणासाठी मिथाइलसेल्युलोज, मीठ, चवीचे अर्क. ब्राझीलचे पोषण-संशोधक कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ पासून 'अतिप्रक्रिया केलेलं अन्न' असा जो गट मांडला, त्यात हे सरळ बसतं. जनावराला वाचवायला कारखान्याच्या दारात उभं राहायचं, हे मला जमत नाही.

---

सकस

मी आहारतज्ज्ञ आहे. सोयाचे तुकडे, टोफू, टेंपे आणि पाकिटातला तयार बर्गर हे सगळं कोरडवाहू एकाच पोत्यात भरतायत. टोफू म्हणजे सोयाचं दूध क्षार घालून साकळवलेलं. टेंपे म्हणजे बुरशी लावून आंबवलेलं अख्खं सोयाबीन. यात कारखान्याचं काय आहे? सोयाचे तुकडे तेल काढून उरलेल्या पिठाचे, यंत्रातून दाबून काढलेले असतात, म्हणजे प्रक्रिया आहे. पण सुक्या वजनाच्या निम्मं प्रथिन असतं आणि दर्जाने ते जनावराच्या प्रथिनाच्या जवळ जातं. गव्हाच्या ग्लुटेनचं तसं नाही. त्यात लायसीन (शरीराला अन्नातूनच मिळवावा लागणारा प्रथिनाचा एक घटक) फार कमी, त्यामुळे मठातल्या त्या गोळ्याबरोबर कडधान्य हवंच.

तयार बर्गरबद्दल म्हणाल तर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३६ जणांना ८ आठवडे मांस आणि ८ आठवडे मांसाचा पर्याय दिला. पर्यायाच्या काळात वाईट कोलेस्टेरॉल आणि वजन दोन्ही थोडं खाली आलं. माणसं थोडी, आणि खर्च असे पदार्थ करणाऱ्या कंपनीच्या देणगीतून झालेला, म्हणून मी त्यावर मोठी इमारत बांधत नाही. पण तुलना कशाशी, हे विसरू नका. प्रक्रिया केलेलं मांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्येच कर्करोगाला कारणीभूत म्हणून पहिल्या गटात टाकलं. ज्याच्या ताटात रोज सॉसेज होतं, त्याला पर्यायी सॉसेज दिलं तर मी त्याला अडवणार नाही. फक्त मिठाकडे लक्ष ठेवायला सांगेन.

आता उंबरठा, तुमच्यासाठी. १७ महिने काही त्रास झाला नाही म्हणून निश्चिंत राहू नका. बी १२ जीवनसत्त्व फक्त जिवाणू तयार करतात, वनस्पतींत ते भरवशाचं मिळत नाही. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, आणि कमतरता हळूच येते: हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, न जाणारा थकवा. प्रौढाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं. दूध-अंडी चालत असतील तर थोडं भागतं, तीही नसतील तर गोळी घ्याच. लोहाचंही पाहा. मांसातलं हीम लोह (रक्ताच्या लाल द्रव्यातलं) १५ ते ३५ टक्के शोषलं जातं, वनस्पतींतलं त्याहून बरंच कमी. जेवणात लिंबू असू द्या आणि चहा-कॉफी जेवणाला चिकटून घेऊ नका.

---

चराई

इथे सगळे ताटाबद्दल बोलतायत, म्हणून गोठ्याकडून लिहितो. माझा शेळ्या-मेंढ्यांचा कळप आहे. जगातल्या शेतजमिनीत सुमारे दोन तृतीयांश गवताळ कुरणं आहेत. बऱ्याच ठिकाणी नांगर चालत नाही. गवत उगवतं आणि माणूस गवत खाऊ शकत नाही. शेळी ते खाते, दूध देते, मांस देते, लेंडी जमिनीला देते. सोयाच्या एकसुरी शेतात नांगराखाली आणि औषधाखाली किती जीव जातात, ते मोजायला कुणी बसत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक करडू आडवं आलं होतं. रात्री दोन वाजता कोपरापर्यंत हात घालून ते वळवून काढलं, नाकातला चिकटा पुसला, उपड्या पोत्याने चोळत बसलो तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. पुढे त्या करडाला विकलंही मीच. मला दोन्ही वेळा काय वाटलं, ते मला माहीत आहे. मला निर्दय म्हणणाऱ्यांनी आधी गोठ्यात एक रात्र काढावी.

---

उंबरठा

चराईदादा, निर्दय कुणी म्हटलेलं नाही, मी तर नाहीच. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

पण सोयाचा मुद्दा उलटा पडतो. जगात पिकणाऱ्या सोयाबीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनावरांच्या खाद्यात जातं, माणसांच्या टोफूत जातं ते अगदी थोडं. म्हणजे त्या एकसुरी शेतांचा मोठा भार मांसाच्याच खात्यावर आहे. २०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांचा हिशोब मांडला. मांस, मासे, अंडी, दूध यांतून माणसाला १८ टक्के उष्मांक आणि ३७ टक्के प्रथिनं मिळतात, आणि त्यांच्यासाठी शेतजमिनीतली ८३ टक्के जाते. तुमच्यासारखं कुरणावर चारणाऱ्यांचं मांस हा या बाजाराचा छोटा भाग आहे. मी जे खात होते ते बंद शेडमधलं होतं. तिथे रात्री दोनला कुणी उठत नाही.

---

काठावर

एक विचार कुणी मांडला नाही. पर्यावरणासाठी म्हणून मी गोमांस सोडून कोंबडीवर आलो. गाईगुरांच्या पोटात मिथेन तयार होतो, कोंबडीचा भार कितीतरी कमी, तेव्हा हवेच्या हिशोबात बरोबरच केलं. पण एका गाईतून दोनशे किलोंच्या वर मांस निघतं आणि एका कोंबडीतून दीड-दोन. म्हणजे माझ्यामुळे मरणाऱ्या जीवांची संख्या शंभरपट झाली. जगात दरवर्षी ८० अब्जांहून जास्त जमिनीवरचे प्राणी मारले जातात आणि त्यात बहुतेक कोंबड्याच. हे कळल्यापासून कोंबडीही नीट जेवता येत नाही. नक्कल माझ्या कामाची आहे ती इथे. कोंबडीची नक्कल सर्वांत सोपी, कारण कोंबडीला स्वतःची चव थोडीच असते.

---

वेलदोडा

मला सोया आणि गहू दोन्ही चालत नाहीत. म्हणजे वरचं निम्मं बाद. अशांसाठी: वाटाण्याच्या प्रथिनाचे तुकडे मिळतात, आणि बुरशीपासूनचं मायकोप्रोटीन आहे, जे ब्रिटनमध्ये १९८५ पासून विकलं जातं. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत बांधणीला अंड्याचा पांढरा भाग असतो, तेव्हा अंडं वर्ज्य असेल तर पाकीट वाचूनच घ्या.

---

पुढचं पाऊल

उंबरठा, तुमच्या युक्तिवादाच्या टोकाला नेणारा प्रश्न. २०१३ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये पेशींपासून वाढवलेला बर्गर शिजवून दाखवला, त्याला अडीच लाख युरो लागले होते. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने अशी कोंबडी विकायला परवानगी दिली. ते खरंच मांस आहे, पण त्यासाठी जनावर कापलेलं नाही. तुम्हाला चव हवी, मारणं नको. मग खाल?

---

उंबरठा

दोन दिवस विचार केला. माझ्याच म्हणण्याप्रमाणे उत्तर 'हो' यायला हवं. पण ते ताटात आल्याचं डोळ्यांसमोर आणलं तेव्हा हात पुढे गेला नाही. सुरुवातीला त्या पेशी गाईच्या गर्भाच्या रक्तातून काढलेल्या द्रवावर वाढवत. आता तो टाळता येतो, तरी तेवढंच कारण नाही. १७ महिन्यांत काहीतरी बदललंय जे मी धागा काढताना लिहिलं नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं. चव आवडते हे खरं. पण ती आता माझ्या मसाल्याची चव आहे, असं दिसतंय.

सकसताई, बी १२ची तपासणी शनिवारी करते आहे.

---

कोरडवाहू

हे वाचून बरं वाटलं, पण माझ्या बाजूने ओढत नाही. तुमची साडेआठची वेळ मी मान्य करतो. माझ्या घरात स्वयंपाक करायला दुसरं माणूस होतं, त्यामुळे मला तत्त्व परवडलं. हे मी आधी लिहायला हवं होतं.

एक मात्र सोडत नाही. ज्याने मांस कधी खाल्लंच नाही, त्या मुलाला ही नक्कल का द्यायची? तुमच्यासाठी ती परतीची वाट असेल. त्याच्यासाठी ती जायची वाट होईल.

---

उंबरठा

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. त्याने दोन्ही खाल्लंय, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या घरात तसा उभा राहत नाही. तुकडे पिळायचं काम हल्ली तोच करतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत सोडत नाही, कधीकधी पाच-पाच वेळा पिळतो. त्याला मी हे मांसासारखं आहे असं कधी सांगितलं नाही. तो त्याला 'पिळायचं' म्हणतो.