टर्बोचे व्हॅक्यूम पाईप उंदरांनी कुरतडले, बदलल्यावर पिकअप गायब

घाटवेडा
मंडळी मदत हवीये. 2013 ची कॉमन रेल डिझेल, व्हीजीटी (आतल्या पात्या हलणारा) टर्बो, 1 लाख 40 हजार झालेत. पावसात गाडी तीन आठवडे उभी होती तेवढ्यात उंदरांनी बोनेटखाली संसार थाटला आणि चार बारीक व्हॅक्यूम पाईप खाल्ले. गल्लीतल्या मेकॅनिकने फिश टँकचा पारदर्शक पाईप कापून लावला, म्हणाला चालतंय की. आता 2000 आरपीएमच्या खाली गाडी मेलेली, वर थोडी जागी होते, मागून काळा धूर आणि चेक इंजिन लाइट. परवा खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता, यापेक्षा लाजिरवाणं काय असणार. मेकॅनिक म्हणतो टर्बो गेला, बदला. खरंच गेला असेल का?

नटबोल्ट
टर्बोला हात लावू नकोस अजून. आधी मेडिकलमधून 50 एमएलची सिरिंज आण. टर्बोच्या ॲक्च्युएटरवरचा, म्हणजे दांडी असलेल्या डब्यावरचा, पाईप काढून तिथे सिरिंज जोड आणि ओढ. दांडी सरकली आणि ओढून धरल्यावर तिथेच राहिली तर डायफ्रॅम (डब्यातला पडदा) ठीक, दांडी अडकत नसेल तर आतल्या पात्याही मोकळ्या. दांडी हळूहळू परत येत असेल तर डबा लीक. इंजिन थंड असताना कर हां, नाहीतर हात भाजेल.

आता मला वाटतं काय झालंय ते. तुझ्या इंजिनवर दोन सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॅक्यूमचे व्हॉल्व) असणार, एक टर्बोचा एक ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व), आणि दोन्ही शेजारी. व्हॅक्यूम पंपाकडून येणारी लाइन दोघांना वाटून जाते आणि प्रत्येकातून एक पाईप आपापल्या ॲक्च्युएटरला. हे जाणारे दोन पाईप उलटे लागले की मजा बघ, तू ॲक्सिलरेटर दाबलास की ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ईजीआर बंद करायला जातो तर टर्बोचा व्हॅक्यूम तुटतो, पात्या उघड्या राहतात, बूस्ट (टर्बोचं हवेचं प्रेशर) नाही, आणि टर्बोसाठी सोडलेला व्हॅक्यूम जातो ईजीआरला, तो उघडतो, म्हणून धूर. तुझी लक्षणं तंतोतंत तीच आहेत. काही सोलेनॉइडवर व्हॅक आणि आउट असं कोरलेलं असतं, टॉर्च मारून बघ.

गॅरेजमामा
वरच्याशी सहमत पण आधी तो फिश टँकचा पाईप काढून फेक. थंड असताना कडक, गरम झाला की मऊ पडून आतल्या आत चिकटतो, व्हॅक्यूम पुढे जाणारच कसा. सलाइनच्या नळीचंही तेच. रबराचा कापडी जाळीचा व्हॅक्यूम पाईप आण, आतलं माप स्पिगॉटला (पाईप चढतो त्या नळीच्या टोकाला) घट्ट बसेल असं. सिलिकॉनही चालतो पण जिथे तेलाची वाफ जाते तिथे नको, फुगतो. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ने, वळण गोल ठेव.

बूस्टप्रेमी
माझ्या पेट्रोल टर्बोला तर ॲक्च्युएटरला प्रेशरच लागतं, व्हॅक्यूम नाही! मग हे सिरिंज प्रकरण माझ्यावर चालेल का?

नटबोल्ट
@बूस्टप्रेमी वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) असेल तर तुझा उलटा हिशोब. त्याला कंप्रेसरच्या बाजूचं प्रेशर जातं, तो पाईप सुटला तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट हद्दीबाहेर जातो, ते जास्त धोक्याचं. तुझ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) आयडलला व्हॅक्यूम असतो आणि फुल थ्रॉटलला प्रेशर, म्हणून तिथून ब्रेक बूस्टरला (व्हॅक्यूमवर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याला) जाणाऱ्या लाइनमध्ये वन-वे व्हॉल्व असतो, तो उलटा बसवू नकोस कधी. आणि तुझा ॲक्च्युएटर तपासताना सिरिंज ओढायची नाही, दाबायची. सिरिंजने नाही हलला तर प्रेशर गेज असलेला हातपंप लाव, फुगा फुगवल्यासारखा कंप्रेसरने हवा मारू नकोस, डायफ्रॅम फाटेल.

घाटवेडा
अपडेट. सिरिंज 25 रुपयांत मिळाली, मेडिकलवाला विचारत होता काय पेशंट आहे घरी. दांडी मस्त सरकली आणि राहिली. मग पाईप शोधत गेलो तर दोन आउट खरंच उलटे! सरळ केले, जाळीचा पाईप टाकला, लाइट क्लिअर केला. आज 1500 ला ओढतेय, काल चिडलेली बायको आज शेजारी शांत बसली होती. फक्त एक राहिलंय, गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डमागे दोनेक सेकंद फुस्स असा आवाज येतो. आधी येत होता का ते आठवत नाही.

गॅरेजमामा
ब्रेक पेडल दाबून बघ, बंद गाडीत दोन-तीन वेळा मऊ दाबलं जातंय का. पहिल्याच वेळी दगड असेल तर बूस्टर किंवा वन-वे व्हॉल्व लीक आहे, ते आधी बघ मग घाटात जा.