घराजवळचा वसंत: पळस-पांगाऱ्यावरचे पक्षी आणि टेकडीवरची रानफुलं, फोटो कसे काढता?

टेकडीशेजारी (पुणे)

नमस्कार मंडळी. आमच्या घरापासून वेताळ टेकडी चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि सध्या तिकडे काय चाललंय ते बघून घरी पायच निघत नाही. पांगारा नुसता लालेलाल झालाय, खाणीकडच्या वाटेला एक पळस आहे तो पण फुललाय, आणि सकाळी त्यावर एवढा कलकलाट असतो की लांबूनच कळतं. सगळे मला सांगतात भिगवणला जा, ताम्हिणीला जा, पण सासूबाईंचं सकाळचं औषधपाणी, मुलाची शाळा, त्यामुळे माझ्या हातात फक्त साडेसहा ते आठ एवढाच वेळ असतो आणि खरं सांगायचं तर मला हेच आवडतं, आपल्याच टेकडीवर रोज थोडं थोडं बघणं.

कॅमेरा साधाच आहे, मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स बदलता येत नाही असा), सेकंडहँड घेतलाय. अडचणी अशा की पळसाची फुलं फोटोत एक सपाट केशरी डाग होऊन जातात, पाकळ्या दिसतच नाहीत. आणि त्याच्यावर बसलेला पक्षी मात्र काळाकुट्ट येतो. फूल आणि पक्षी दोन्ही नीट असा फोटो कसा मिळवायचा? शिवाय जमिनीलगतची बारीक बारीक फुलं असतात त्यांचे फोनवर फोटो चांगले येतात का, का त्यासाठी वेगळी लेन्स लागतेच? जाणकारांनी सांगा, सविस्तर सांगितलंत तरी चालेल.

कातळवाट (पुणे)

ताई, सविस्तर चालेल म्हणालात म्हणून लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे पक्ष्याच्या मागे फिरू नका, झाडापाशी बसा. टेकडीवर लोक कॅमेरा घेऊन भराभर चालत असतात, एक पक्षी उडाला की दुसऱ्यामागे, आणि हातात काही लागत नाही. वसंतात त्याची गरजच नसते, कारण या दिवसांत रानात पाणी कमी, बहुतेक झाडांची पानं गळालेली, आणि अशा वेळी काटेसावर, पांगारा, पळस ही झाडं मधाने भरलेली उभी असतात. पक्षी तुमच्याकडे येणारच. साळुंकी, भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी), पोपट, कावळे, मध्येच खार पण येते, एका झाडावर तासाभरात अख्खी टेकडी हजेरी लावून जाते. काटेसावरीवरून आलेल्या साळुंकीचं कपाळ नीट बघा, परागाने पिवळं झालेलं असतं. फुलाच्या पेल्यात डोकं घातल्याशिवाय मध मिळत नाही आणि डोकं घातलं की पराग लागतोच, झाडाचं काम झालं.

आता झाड कुठलं निवडायचं ते महत्त्वाचं. सपाटीवरच्या पळसाखाली उभं राहून वर कॅमेरा धरलात की मागे पांढरं आभाळ येतं, आणि आभाळ उजळ म्हणून कॅमेरा बाकी सगळं अंधारात टाकतो. तुमचा काळा पक्षी तिथून येतो. टेकडीचा फायदा हा की उतारावरचं झाड शोधता येतं. आपण उताराच्या वरच्या अंगाला बसायचं, म्हणजे झाडाचा शेंडा बरोबर डोळ्यासमोर येतो आणि मागे आभाळाऐवजी समोरच्या उताराचं वाळलं गवत येतं. गवताचा तो तांबूस-पिवळा रंग मागे मऊ पसरला की पळस काय दिसतो म्हणून सांगू! सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी पश्चिमेकडे उतरणारा भाग आणि त्यावरचं कोवळं ऊन आलेलं झाड शोधा.

डागाचं कारण वेगळं आहे. पळस-पांगाऱ्याचा रंग इतका गडद असतो की कॅमेऱ्यात लाल रंग आधी भरून वाहतो, बाकी फोटो ठीक दिसत असला तरी पाकळीवरच्या रेषा आणि लव निघून जाते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे पाऊण-एक करा आणि काढल्यावर हिस्टोग्राममध्ये (फोटोतला उजेड दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख) लाल रंग वेगळा बघा, उजव्या भिंतीला चिकटलेला नको. फोटो थोडा अंधारा वाटेल, तो नंतर उजळवता येतो, गेलेल्या पाकळ्या मात्र परत येत नाहीत.

आणि आठच्या आत घरी जायचंय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. नऊनंतर जमीन तापली की हवा थरथरायला लागते आणि लांब झूमने काढलेलं सगळं पाण्यातून बघितल्यासारखं येतं, कितीही भारी कॅमेरा असो. तुमचा वेळच चांगला आहे.

झूम_८३ (पिंपरी-चिंचवड)

वरच्या सगळ्याला अनुमोदन. फक्त शटरबद्दल बोलतो. शिंजीर एका जागी दोन सेकंद पण थांबत नाही, त्यामुळे शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगवान ठेवा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर, सलग फोटो काढायचा मोड लावा आणि फोकस डोळ्यावर. त्यामुळे फोटोत दाणे दिसले तर दिसू देत, हललेल्या फोटोपेक्षा बरे. आणि ब्रिज कॅमेऱ्याला शेवटच्या टोकापर्यंत झूम करायचा मोह आवरा, थोडं आधी थांबलात की फोटो जास्त खणखणीत येतो. पक्षी येतच नसेल तर फोनवर त्याचा आवाज लावायचा, लगेच समोर येऊन बसतो, बरेच जण करतात.

मातीलगत (पुणे)

झूमदादा, शटरचं सगळं पटलं पण आवाज लावायचं नका सांगू हो कोणाला. आत्ता विणीचा हंगाम सुरू होतोय. नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, तो खाणंपिणं, घरटं सोडून भांडायला येतो, आणि आपण फोटो काढून निघून गेल्यावर दुसरा कॅमेरेवाला येऊन परत तेच लावतो. रोज शेकडो माणसं येणाऱ्या टेकडीवर बिचाऱ्याने किती वेळा भांडायचं? घरट्याचे फोटोही नकोत, आपण जिथे घोटाळतो तिकडे कावळ्याचं लक्ष जातं. आणि सगळ्यांनाच सांगते, मुख्य वाट सोडून गवतात फिरताना खाली बघून चाला, टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, टिटवीची अंडी खड्यांत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर जिथून आलात तिथूनच मागे फिरा.

आता फुलांबद्दल, कारण पक्ष्यांपुढे त्यांना कोणी विचारत नाही. टेकडीशेजारी, फोन पुरतो, वेगळी लेन्स अजिबात नको. फक्त उभं राहून वरून फोटो काढू नका. कोपरं जमिनीला टेका, फोन उलटा धरा म्हणजे त्याची लेन्स खाली जमिनीजवळ येते, आणि फुलाच्या उंचीवरून बघा. सरावासाठी एकदांडी घ्या, ती बारा महिने असते आणि वाऱ्यावर इतकी डुलते की तिचा फोटो जमला की सगळ्यांचा जमतो. मग भुईगेंद शोधा. टेकडीवरच्या मुरमाड जागेत त्याच्या रोपट्याच्या बुडाशी, अगदी जमिनीला टेकून काटेरी गोल गेंद असतात, लोकांना ते वाळलेलं काहीतरी वाटतं आणि तुडवून जातात. जवळ जाऊन बघा, त्या गोळ्यातून नखाएवढी सुद्धा नाहीत अशी पांढरट फुलं डोकावतात आणि त्यांच्या खालच्या ओठावर तपकिरी ठिपके असतात. थंडी सरली की ती कमी होतात, आत्ता तुरळक मिळतील, लवकर जा. रुईचं फूल तर फोनसाठीच आहे, जांभळ्या पाकळ्या मेणातून काढल्यासारख्या आणि मधोमध तो मुकुट, त्यावर काळा मोठा भुंगा हमखास. करवंदाच्या जाळीला पांढरी फुलं लागली असतील, त्याचा वास फोटोत येत नाही हेच एक दुःख.

ऊन चढलं की फुलावर आपली सावली पाडा किंवा छत्री धरा, पांढरी फुलं जळलेली येत नाहीत. ओळख पटवायची असेल तर नुसत्या फुलाचा फोटो उपयोगाचा नाही, पान, खोड, अख्खं झुडूप असे वेगवेगळे काढा आणि आयनॅचरलिस्ट या झाडं-प्राणी ओळखायच्या संकेतस्थळावर टाका, तिथे मदत करणारे भरपूर आहेत.

अजून एक मनातलं. सध्या टेकडीवर गुलाबी फुलांनी लगडलेल्या झाडांचे फोटो सगळीकडे फिरतायत, ते गिरिपुष्प, बाहेरून आणून लावलेलं. दिसतं छान, शिंजीर आणि मधमाश्या जातात त्याच्याकडे, फोटो काढायला माझी ना नाही. पण टेकडीचं खरं वैभव तिचं गवत आणि त्यातली ही बुटकी मंडळी, आणि गिरिपुष्पाची दाटी झाली की खालचं गवत जातं. आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी गवत पेटवतंच. धूर दिसला तर व्हिडिओ काढत बसू नका, लगेच अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.

धुऱ्यावरचा_मोह (नागपूर)

पुणेकरांनो तुमचा एक पळस फुलला तर एवढा आनंद, इकडे विदर्भात या, फाल्गुनात शेताच्या धुऱ्यावर (बांधावर), नाल्याच्या काठी, नुसत्या पळसाच्या रांगा लागलेल्या असतात. पण घराजवळचं म्हणाल तर मी गोरेवाडा तलावाकडे जातो. आमच्याकडे या दिवसांत पाहायची गोष्ट म्हणजे पळस मैना. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि त्या एक-दोन नसतात, थवाच उतरतो. ज्वारीच्या शेतात याच पक्ष्याला लोक भोरड्या म्हणतात. मध्य आशिया, पूर्व युरोपाकडून हिवाळ्यात येतात आणि एप्रिलपर्यंत परत निघतात, जाण्याआधी त्यांचा गुलाबी रंग खुलत जातो, त्यामुळे आत्ताचे फोटो डिसेंबरच्या फोटोपेक्षा कितीतरी उजवे येतात. झाडावर आल्या की आपसात एवढ्या भांडतात की तुमच्याकडे लक्षच देत नाहीत. पुण्यात पण येतात, काटेसावरीवर नजर ठेवा.

दुसरं, सगळे फुलांकडे बघतात म्हणून सांगतो, वड, पिंपळ, उंबर यांना फळं आली असतील तर त्यांच्याखाली शांत उभे राहा. हरियाल, म्हणजे हिरवं कबूतर, तिथे असतो. आपला राज्यपक्षी, पण पानांत इतका मिसळून जातो की खाली फळं टपटप पडतात तेव्हा कळतं वर कोणीतरी आहे. पिवळे पाय दिसले की समजा तोच. आणि चैत्र लागला की मोहाकडे या बाप्पा, पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो, दुधाळ, गरदार, आणि तो वेचायला घरंच्या घरं निघालेली असतात. त्यांच्या कामाच्या मध्ये उभं न राहता, विचारून फोटो काढा.

चौथा_मजला (ठाणे)

मी तर घराबाहेर पण पडत नाही, तरी लिहिते. आमच्या जिन्याच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीसमोर पांगाऱ्याचा शेंडा येतो. कातळवाटकाकांनी उताराबद्दल सांगितलं तसंच हे, झाड डोळ्याच्या रेषेत. पक्ष्यांना खिडकीतल्या माणसाची भीती वाटत नाही, फक्त हालचाल सावकाश करायची आणि काच असेल तर उघडायची. याच पांगाऱ्याच्या एका वाळक्या फांदीत खालच्या अंगाने तांबटाने ढोली कोरलीय. नर-मादी आळीपाळीने कोरत होते, आत गेलेला पक्षी चोचीत भुसा घेऊन तोंड बाहेर काढायचा, मान झटकून तो उडवायचा आणि परत आत. दिवसभर ते टुक टुक टुक चालू. सोसायटीत दर मार्चला फांद्या छाटायचा ठराव येतो तेव्हा मी उभी राहून सांगते की वाळकी फांदी रस्त्यावर येत नसेल तर ठेवा, तांबटाला मऊ, मेलेलंच लाकूड लागतं. यंदा ठेवलीय. घराजवळचे पक्षी हवे असतील तर कॅमेऱ्याआधी सोसायटीच्या मीटिंगला जा असं माझं प्रामाणिक मत आहे.

खिडकीत पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवा, पाणी रोज बदला.

टेकडीशेजारी (पुणे)

बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी! उताराचं आज सकाळीच करून बघितलं, खाणीच्या वरच्या अंगाला बसले आणि पळसाच्या पाकळीवरची लव पहिल्यांदा फोटोत दिसली. भुईगेंद पण सापडला, खरंच ठिपके आहेत! मातीलगत ताई, तुमच्यामुळे.

एक विचारायचंय. पांगाऱ्यावर एक चिमुकला पक्षी होता, चोच लांब आणि वाकडी, पोट पिवळसर, पण गळ्यापासून खाली पोटापर्यंत मधोमध एक काळी पट्टी आणि खांद्यावर निळसर चमक, जणू कोणी रंगवता रंगवता अर्धवट सोडलंय. हा शिंजीरच का? आणि मादी का नर?

कातळवाट (पुणे)

नर, जांभळा शिंजीर. विणीचा काळ नसताना नर जवळपास मादीसारखा पिवळट असतो, फक्त ती गळ्याची पट्टी राहते. आता त्याची पिसं बदलतायत, काही दिवसांत अख्खा निळा-जांभळा होईल. मात्र ती चमक पिसातल्या रंगाची नसते, पिसाच्या रचनेवर ऊन पडून परततं तेव्हाच दिसते, म्हणून सावलीत तो सरळ काळा येतो. तुमच्याकडे आत्ताचा फोटो आहे ना? मग त्याच झाडावर, त्याच बाजूने, सूर्य पाठीशी ठेवून दर आठवड्याला काढत राहा, पांगारा संपायच्या आत पूर्ण रंगलेला मिळेल. एकाच झाडावर दोन-तीन नर असू शकतात, तेव्हा पट्टीची रुंदी नोंदवून ठेवा. सगळे फोटो इथेच टाका, एकत्र बघायला मजा येईल.