बॅटरी उतरली आहे की संपली आहे?

बी-३०४: नमस्कार. आम्ही दहा दिवस गावी होतो. आज सकाळी गाडीचा सेल्फ मारला तेव्हा नुसता टक-टक आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले. गॅरेजवाल्याने गाडी न पाहताच, फोनवर, नवी बॅटरी टाकायला सांगितले आहे. बॅटरी साडेतीन वर्षांची, ३५ अँपिअर-तासांची आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-१०२: आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षे म्हणजे बॅटरीचे आयुष्य झालेच. मात्र वरच्या काचेत हिरवा ठिपका दिसत असेल तर ती चांगली असावी.

सी-६०१: त्या ठिपक्यावर विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो. वहिनी, उतरलेली बॅटरी चार्ज करून पुन्हा चालते, संपलेली चालत नाही. फोनवरून हा फरक कोणालाही कळणार नाही. बंद गाडीतही लॉक, अलार्म वगैरे मिळून साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज खातात. दहा दिवसांचे ते १२ अँपिअर-तास होतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या धडधाकट बॅटरीत अर्ध्याहून अधिक चार्ज उरायला हवा होता. तेव्हा एकतर डिकीचा दिवा चालू राहिला असेल, किंवा बॅटरीची धारणक्षमताच गेली असेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तरी हेच लक्षण दिसते, म्हणून आधी ते पाहू. मी मल्टिमीटर घेऊन खाली येतो.

बी-३०४: काकांनी टर्मिनल साफ करून दिले, दिवेही सगळे बंदच होते. मीटरवर ११.८ व्होल्ट आले. बॅटरी रात्रभर चार्जिंगला दिली आहे.

(दोन दिवसांनी)

बी-३०४: बॅटरी काल संध्याकाळी बसवली. आज सकाळी १२.६ व्होल्ट दिसले आणि गाडी सुरूही झाली, तरीही काका बदला म्हणतात!

सी-६०१: कारण स्वस्थ पडलेल्या बॅटरीचा आकडा फसवा असतो. सेल्फ फिरत असताना मी मीटरकडे पाहत होतो. काटा नाही, आकडेच, पण ते ८.९ पर्यंत कोसळले. त्या क्षणी साधारण ९.६ च्या खाली जाऊ नयेत. इंजिन सुरू झाल्यावर १४.२ आले, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर व्यवस्थित आहे, त्याचा खर्च वाचला. ही बॅटरी आणखी काही दिवस कशीबशी ओढेल, पण पहाटे स्टेशनला निघताना दगा देईल.

ए-१०२: म्हणजे गॅरेजवाला बरोबरच होता!

सी-६०१: त्याचे उत्तर बरोबर आले, हिशेब मात्र केला नव्हता. वहिनी, नव्या बॅटरीवर उत्पादनाचा महिना पाहून घ्या, दुकानात वर्षभर पडून राहिलेली नको. जुनी परत दिली की किंमत कमी करतात, ती भंगारवाल्याला देऊ नका.

बी-३०४: आभारी आहे, काका. तुमचा मल्टिमीटर वॉचमनकडे ठेवला आहे.

डी-२०५: तो तिथेच राहू द्यावा, संध्याकाळी मी नेतो. माझीही गाडी आठवडाभर सकाळी कुरकुरते आहे.