मोठेबाबांना गालाचा कॅन्सर निघालाय, पुढे काय करायचं? (नागपूर) – मदत हवी आहे

संत्राबर्फी:

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचून जाते, आज अडले आहे म्हणून लिहितेय.

माझे मोठेबाबा (वडिलांचे थोरले भाऊ), वय ५८, काटोलजवळ शेती आणि संत्र्याची बाग. डाव्या गालात आतून जखम झाली ती भरेचना. दाढ टोचते म्हणून आधी अंगावर काढलं, मग गावातच मलम आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. तोंड तर काही वर्षांपासून नीट उघडतच नाही, दोन बोटं जेमतेम जातात. मोठी आई भाकर दुधात कुस्करून देते, आणि वयामुळे होत असेल असं सगळ्यांनी धरून घेतलं. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) तरुणपणापासून. हल्ली "तंबाखू सोडली, पानठेल्यावरून नुसती सुपारी घोटून घेतो" असं मोठ्या अभिमानाने सांगत होते.

शेवटी नागपूरला आणून शासकीय दंत महाविद्यालयात दाखवलं. तुकडा तपासून आला, त्यात ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, लेफ्ट बक्कल म्युकोसा’ असं लिहिलंय, म्हणजे डाव्या गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. जबड्याखाली डावीकडे गाठ हाताला लागते. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. सीटी स्कॅन परवा आहे.

आता घरची परिस्थिती. घरातल्या प्रत्येकाकडे आपापला एक कॅन्सर आहे. आत्याच्या जाऊबाईंना स्तनाचा होता, त्यांना आधी केमो दिली आणि मग ऑपरेशन केलं, म्हणून आत्याचं म्हणणं की इथेही आधी केमोच हवी. वडिलांच्या ऑफिसमधले एक जण ब्लड कॅन्सरसाठी रोज एक गोळी घेतात आणि कामावर येतात, म्हणून वडील विचारताहेत की मोठेबाबांना कापाकापी कशाला. एका काकांच्या मते तुकडा काढला तिथेच चूक झाली, आता तो पसरणार. ‘मॉडरेटली’ म्हणजे दुसरी स्टेज असंही ठरून गेलंय. मोठेबाबांना मात्र कुणी काही सांगितलेलं नाही. "जखम आहे, जरा मोठी आहे", बस.

मला विचारायचंय ते असं की एकाच आजाराची इतकी वेगवेगळी औषधं कशी? मुंबईला टाटाला न्यावं की इथेच करावं? आणि त्यांना सांगावं का? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात अवघड जातोय.

उन्हाळा४७:

ताई, मी नागपुरातच रेडिएशन विभागात तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय त्यांचाच. पण रोज पेशंट बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी काकांचा मुद्दा. तुकडा काढल्याने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. तुकडा तपासल्याशिवाय कुठलाही शहाणा सर्जन सुरीला हात लावणार नाही. पसरायला वेळ मिळतो तो मलमात.

‘मॉडरेटली’ ही स्टेज नाही, ग्रेड आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मूळच्या पेशींपेक्षा किती बिघडलेल्या दिसतात, एवढंच त्यातून कळतं. स्टेज ठरते ती गाठ किती मोठी, किती खोल, मानेत गेली का आणि शरीरात दुसरीकडे गेली का यावरून. ते सीटीनंतर कळेल.

आता आत्याबाई आणि तुमचे वडील. दोघंही खोटं सांगत नाहीत, पण ते तुमच्या आजाराबद्दल बोलतच नाहीयेत. स्तनाच्या गाठीत ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देते का) आणि हर-टू (एक प्रथिन) अशा तपासण्या करतात आणि त्यावरून औषध ठरतं. कुणाला पाच-दहा वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी, कुणाला हर-टूवरचं इंजेक्शन, गाठ मोठी असेल तर आधी केमो. तुमच्या वडिलांच्या ओळखीचे गृहस्थ बहुधा सीएमएलचे (ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) असावेत. त्यात एका विशिष्ट जनुकीय बदलावर इमॅटिनिबसारखी गोळी नेमकी काम करते. तो रक्तात असतो, कापून काढायला गाठच नसते. प्रोस्टेटमध्ये हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालतात. गर्भाशयमुखाचा पुढे गेलेला असेल तर शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन आणि सोबत आठवड्याला केमो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये, तो काढता येण्यासारखा असेल तर, पहिली पायरी शस्त्रक्रियाच. केमो एकटी तो बरा करत नाही. नंतर गरज पडली तर रेडिएशनच्या जोडीला देतात.

गालाचा आजार आणि मान कशाला कापता, हे घरात कुणीतरी विचारणारच. याच प्रश्नावर टाटा मेमोरियलने मोठा अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या रुग्णांची गाठ लहान होती आणि मानेत काही लागतही नव्हतं. अर्ध्यांची मान आधीच साफ केली, अर्ध्यांची गाठ आली तर बघू म्हणून वाट पाहिली. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के हयात होते, दुसऱ्यात ६७.५. मोठेबाबांच्या तर मानेत गाठ हाताला लागतेय.

सुपारीचं त्यांना जरूर सांगा. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते २००४ सालीच स्पष्ट केलंय. तोंड न उघडणं हेही सुपारीचंच काम, वयाचं नाही. गालाची आतली कातडी पट्ट्यासारखी कडक होत जाते, ती पूर्ववत होत नाही आणि तिथेच पुढे कॅन्सर धरू शकतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा डोळ्यांसमोर पन्नीत घोटून मिळतो. असो, तो विषय काढला तर धागा भरकटेल.

मुंबईबद्दल माझं मत. दुसरा सल्ला घ्यायचा तर रिपोर्टबरोबर बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, स्कॅनची सीडी घ्या आणि एकदा दाखवून या. कॅन्सर पेशंटला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत मिळते. पण उपचार इथे करायला हरकत नाही. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधलं एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, एवढं सगळं नागपुरात आहे. ऑपरेशननंतरचं रेडिएशन साधारण ३० वेळा, आठवड्यात पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे चालतं. ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं, असं बघतात. परळच्या फुटपाथवर की तुमच्या घरी राहून, हे तुम्हीच ठरवा.

वर्धेकर:

संत्राबर्फीताई, मी यातून गेलेला माणूस. उजवा गाल. ऑपरेशन, शेक (म्हणजे रेडिएशन), सगळं झालं.

सांगायचं की नाही म्हणता? त्यांना माहीत आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण घरचे माझ्याशी भांडायचे बंद झाले, त्याच दिवशी समजलं. ओपीडीच्या बाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, रांगेत शेजारी नाकात नळी घातलेला माणूस बसलेला असतो, तो विचारतोच, "भाऊ, तुमचा कुठला?" आणि ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांनाच करायची आहे. तिथे काय लपवणार?

पण एकदम सगळं ओतू नका. "बाबा, गाठ कॅन्सरची आहे, काढायची आहे" एवढं सांगून गप्प बसा. पुढचं ते विचारतील तेवढंच. मोठ्या आईला समोर घ्या, नाहीतर तिला वेगळं सांगणं राहून जातं.

ऑपरेशनबद्दल थोडं. काढलेल्या जागी छातीचं, मांडीचं किंवा हाताचं मांस लावतात, हाड काढावं लागलं तर पायाच्या नळीचं हाड. काही दिवस गळ्याला भोक आणि नाकात नळी असू शकते. बघून घरच्या बायका रडायला लागतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की ते तात्पुरतं असतं. माझ्या गालात मांडीची कातडी आहे. तिच्यावर केस येतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! पहिल्यांदा जिभेला लागले तेव्हा वाटलं काहीतरी परत उगवलं. शेकात बरेच गळून गेले.

शेकाच्या तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघतं. चव जाते, थुंकी चिकट होते, मग आटते. मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसभर. तिखट बंद, सावजी तर स्वप्नातही नको. मऊ खिचडी, पातळ वरण, अंबील थंड करून, दुधात अंडं, साय, सातू. वजन उतरू देऊ नका. डॉक्टर नळी घालू म्हणाले तर घालू द्या. आपल्याकडे नळी लागली म्हणजे माणूस संपला असं धरतात. तसं नसतं. पोटात गेलं तर शेक मध्येच थांबवावा लागत नाही.

आणि खर्रा आता सोडून काय उपयोग असं म्हणतील. म्हणा, जखम भरायला उपयोग, शेक लागू पडायला उपयोग, दुसरा कॅन्सर उगवू नये म्हणून उपयोग. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ नंबर छापलेला असतो, तो फुकट आहे.

महालकरीण:

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, बापाच्या नावातल्या एका अक्षरावरून फाइल अडते. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जा. मंजुरी आल्यावर दाखल व्हा. आधी भरू आणि मग परत घेऊ, असं करू नका.

हिरवा_देठ:

आमच्याकडे एक वैद्य मुळी देतात, बऱ्याच जणांना गुण आलाय. ऑपरेशनच्या आधी महिनाभर करून बघायला काय हरकत आहे?

उन्हाळा४७:

महिनाभर हीच हरकत आहे. गालातली गाठ महिन्याभरात जबड्याच्या हाडापर्यंत गेली तर जबडा काढायची वेळ येते. शिवाय मोठेबाबांना शुगर आहे, पुढे सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) द्यायची वेळ आली तर किडनी नीट हवी. मुळीत काय आहे हे कुणालाच माहीत नाही.

संत्राबर्फी:

सगळ्यांचे आभार. सीटी झाला. गाठ साधारण तीन सेंटिमीटर, हाडाला लागलेली नाही. डाव्या बाजूच्या मानेत दोन गाठी, दोन्ही लहान. छाती स्वच्छ. ट्यूमर बोर्डात सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले सगळे एकत्र बसले आणि ऑपरेशन ठरलं.

मोठेबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. आंबिया बहाराची फळं उतरेपर्यंत थांबता येईल का?" नाही म्हटलं. मग व्यापाऱ्याला फोन लावून बाग उभ्या उभ्या देऊन टाकली.

पण डॉक्टरांनी कागदावर ‘स्टेज ४-ए’ लिहिलंय. वडील तेव्हापासून जेवत नाहीत. चौथी स्टेज म्हणजे संपलंच ना? मग ऑपरेशन कशाला करताहेत?

उन्हाळा४७:

ताई, वडिलांना हे वाचून दाखवा.

स्टेजचे आकडे प्रत्येक कॅन्सरचे वेगळे. थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये रुग्ण ५५ वर्षांच्या आतला असेल तर आजार फुफ्फुसात गेला तरी स्टेज दोनच लिहितात. उलट तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत एकाच बाजूला दोन लहान गाठी आल्या की लगेच ४-ए होते. आजार अजून तोंड आणि मान यांच्या बाहेर गेलेला नाही. दूर पसरला असता तर ४-सी लिहिलं असतं. ४-ए मध्ये उपचार बरं करण्यासाठीच करतात, म्हणून तर एवढं मोठं ऑपरेशन ठरवलं. मानेत गाठी नसत्या तर शक्यता जास्त चांगल्या होत्या, हेही खरं आहे आणि मी ते झाकणार नाही. काढलेल्या मांसाचा रिपोर्ट आला की कडा स्वच्छ आहेत का आणि गाठींचं आवरण फोडून आजार बाहेर आलाय का, हे दोन मुद्दे विचारा. शेकासोबत केमो लागेल की नाही हे बहुतेक त्यावरूनच ठरतं.

वर्धेकर:

माझ्या कागदावरही ४-ए च होतं.

संत्राबर्फी:

वर्धेकर दादा, तुमचं ते एक वाक्य वडिलांना दाखवलं. रात्री जेवले.

एक शेवटचं. त्यांच्या मागच्या दोन दाढा हलतात, किडलेल्याही आहेत. त्या राहू द्यायच्या का?

उन्हाळा४७:

राहू देऊ नका. शेक झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम भरत नाही, हाड सडायची भीती असते. दातांच्या डॉक्टरांना आणि सर्जनना आत्ताच एकत्र सांगा, बरेचदा ऑपरेशनच्या भुलेतच दाढा काढून टाकतात. वेगळ्या काढायच्या झाल्या तर शेक सुरू होण्याआधी निदान दोन आठवडे हातात हवेत. पुढे दहा वर्षांनीही कुठल्या दातवाल्याकडे गेले तर जबड्याला शेक झालाय हे आधी सांगायचं.

तोंड दोन बोटंच उघडतं हे भूलतज्ज्ञांना आधी भेटून सांगा, श्वासनळीत नळी घालण्याची वेगळी तयारी करावी लागते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा उतरतो, हात वर जात नाही. फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून विचारा, त्यांना शिडीवर चढून संत्री तोडायची आहेत ना? मानेवर शेक झाला की थायरॉइडची टीएसएच तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करत राहायची.